सातेरीचा कौल उजवा, समितीचा डावा

प्रति,
गोव्यात संशोधन प्रस्तावांची छाननी करणाऱ्या समित्यांचे सन्माननीय सदस्य यांस,

स. न. वि. वि.

मी सत्तरी तालुक्यातला एक निवृत्त मास्तर. एकतीस वर्षे उच्च माध्यमिकला भौतिकशास्त्र शिकवले. स्वतः कधी संशोधन केले नाही. आपल्यापैकी एखाददुसरा माझ्याच वर्गात बसून गेलेला असेल, कारण गोवा तो केवढा! पण ती ओळख काढायला हे पत्र लिहीत नाही. मला एका कागदाविषयी बोलायचे आहे आणि त्या कागदाच्या मागे उभ्या असलेल्या एका रोयणीविषयी.

आधी कागद. माझी एक जुनी विद्यार्थिनी आता महाविद्यालयात शिकवते. तिने एका संस्थेकडे लहानशा अनुदानासाठी प्रस्ताव पाठवला होता. रक्कम इतकी किरकोळ, की एखाद्या चर्चासत्राच्या दुपारच्या जेवणाला त्याहून जास्त खर्च होत असेल. चार महिन्यांनी तीन ओळींचे उत्तर आले. विषय कोणत्या विद्याशाखेत मोडतो ते स्पष्ट नाही, भौतिकशास्त्र, शेती आणि धर्म यांचा एकमेकांशी संबंध दिसत नाही, सबब प्रस्ताव परत. तिने तो कागद मला दाखवला तेव्हा ती हसत होती. हसण्यामागचे काय ते मास्तरला कळतेच.

आता रोयण. देशावरचे लोक वारूळ म्हणतात आणि ते मुंग्यांचे आहे असे समजतात. ते बांधते वाळवी. आमच्या गावच्या सातेरी देवीच्या देवळामागे थोडी देवराई शिल्लक आहे आणि तिच्यात पुरुषभर उंचीच्या तीन रोयणी आहेत. गोव्यात सातेरीचे मूळ रूप रोयणच, कित्येक गाभाऱ्यांत आजही तिचीच पूजा होते. त्यामुळे देवळाबाहेरच्या रोयणीलासुद्धा कोणी काठी लावत नाही. माझी विद्यार्थिनी तापमापकांच्या वायरी घेऊन तिथे पोचली तेव्हा गावकरांपैकी, म्हणजे देवळाचा कारभार बघणाऱ्या मूळ घराण्यांपैकी, एक वयस्क गृहस्थ पुढे आले आणि मला शांतपणे म्हणाले, "मास्तर, तें देवीचें घर. विचारल्याबगर हात लावपाचो ना."

मग विचारले. गुरवाने देवीला ओल्या पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणे घातले. माझ्या आयुष्यात मी ऐकलेले संशोधनाचे हे सर्वांत नेमके वर्णन असेल : ही पोर तुझ्या घराला ताप आहे की काय ते बघायला आली आहे, तिच्या हातून काही वावगे होऊ देऊ नकोस. आम्ही सगळे उभे. दहाएक मिनिटांनी उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. त्यानंतर गावकरांनी तीन अटी घातल्या. भोक पाडायचे नाही, वरची माती खरवडायची नाही आणि अमावस्येला जवळ फिरकायचे नाही. शहरात या कामासाठी एक समिती असते आणि ती बरेच अर्ज भरून घेते. इथे अर्ध्या तासात झाले. तिच्या वहीत दर महिन्याची एक रात्र कोरी आहे आणि समासात कारण लिहिले आहे : अमावस्या. कोरी जागा कारणासकट कोरी ठेवणे हे मी तिला अकरावीच्या प्रयोगवहीत शिकवले होते, तेवढा अभिमान मला बाळगू द्या.

ती तिथे काय मोजते ते सांगतो, कारण तीन ओळींच्या उत्तरात ते कुठेच दिसले नाही.

रोयणीच्या आत लाखो जीव श्वास घेत असतात. त्यांच्या जोडीला त्यांनी लावलेली बुरशीची बाग असते आणि तीही श्वास घेते. बाहेरून बघाल तर धुराड्यासारखे उघडे तोंड कुठे नाही. मग कोंदट हवा जाते कुठे? बरीच वर्षे असे मानत की आतली वाळवी स्वतःच्या ऊबेने हवा वर ढकलते, किंवा वाऱ्याने ती खेचली जाते. २०१५ साली हंटर किंग, सॅम्युअल ओको आणि एल. महादेवन यांनी बेंगळूरच्या परिसरातल्या वारुळांवर मोजमाप करून वेगळेच दाखवले. वारुळाच्या बाहेरच्या अंगाला जे कंगोरे असतात ते पातळ, म्हणून दिवसा लवकर तापतात. मधला गाभा जाड, तो मागे राहतो. कंगोऱ्यातली हवा वर चढते, गाभ्यातली खाली उतरते. रात्री कंगोरे आधी निवतात आणि हेच चक्र उलटे फिरते. दिवसभर आत साठलेला कार्बन डायऑक्साइड रात्री सच्छिद्र भिंतींतून बाहेर पडतो. म्हणजे सगळी रोयण दिवसातून एकदा श्वास घेते आणि एकदा सोडते. दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक हाच तिचा भाता. अकरावीच्या पुस्तकात अभिसरण म्हणून जे दीड पानात उरकतो, ते इथे मातीत बांधून ठेवलेले आहे.

यातले महादेवन हार्वर्डला एकाच वेळी उपयोजित गणिताचे, भौतिकशास्त्राचे आणि जीवशास्त्राचे प्राध्यापक आहेत. आपल्या छापील अर्जात विद्याशाखेसाठी एकच रकाना आहे, म्हणून आपले सांगितले.

बेंगळूरची हवा कोरडी, पठारावरची. आमच्याकडे चार महिने पाऊस कोसळतो, हवा ओलीचिंब, दिवस-रात्रीत तापमान फारसे हलत नाही. तेव्हा रोयणीचा भाता चालतो कसा? तिचा पहिला प्रश्न हा. जानेवारीतल्या एका रात्री मी तिच्यासोबत होतो. संध्याकाळी कंगोऱ्यावर तळवा टेकवला तर नुकत्याच चुलीवरून उतरवलेल्या मडक्यासारखा लागला. पहाटे तीनला तोच कंगोरा दवाने गार आणि पायथ्याची माती मात्र कोमट. वायरी बांबूच्या कामट्यांना सुंभाने बांधलेल्या, खाली बॅटरी, एक वही. शेजारच्या घरातला पोरगा थर्मासमधून चहा घेऊन आला आणि म्हणाला, "टीचर, आज ताप किती?" गुरवाचे गाऱ्हाणे एव्हाना गावात सगळीकडे पोचले होते.

आता शेती कुठे आली, असे आपण विचाराल. वाळवी स्वतःच शेती करते. लाकूड-पाला तिला धड पचत नाही. ती तो चावून बुरशीला घालते, बुरशी तो कुजवते आणि वाळवी ते खाते. टांझानियात अशा बुरशीबागांचे सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म सापडले आहेत. माणसाची शेती दहा-बारा हजार वर्षांची. मृगानंतर पावसाने जोर धरला की हीच बुरशी रोयणीतून छत्र्या काढते आणि आम्ही त्यांना अळमी म्हणतो. त्या दिवसांत रस्त्याच्या कडेला पानात बांधून मोजून विकतात, भाव ऐकून पणजीचा माणूससुद्धा दोनदा विचारतो, आणि तरी घेतो. आमच्या लहानपणी घरात अळमीचे तोणाक शिजले की शेजाऱ्यांना पत्ता सांगायची गरज नसे. आता कळ्या असतानाच उपटतात, छत्री उघडून बीजाणू पडायला अवसरच मिळत नाही.

दुसरीकडे कुळागरवाला, म्हणजे माड-पोफळीचा बागाईतदार, वाळवीला शिव्या घालतो, आणि त्याचेही बरोबर आहे. नवी लावलेली माडाची, पोफळीची रोपे ती आतून पोखरते. तो औषध ओततो. म्हणजे एकाच गावात, हाकेच्या अंतरावर, एकाच किड्याला एक माणूस नारळ ठेवतो आणि दुसरा विष घालतो. पुष्कळदा दोन्ही माणसे एकच असतात. औषध कुठल्या रोयणीवर पडायचे आणि कुठल्यावर नाही, हे ठरवतो देवळाचा दंडक. मग पावसात अळमी कुठे उगवणार हेही त्याच दंडकावर ठरते. तिचा दुसरा प्रश्न हा, आणि तो भौतिकशास्त्रवाल्याला एकट्याने सुटणारा नाही, कृषी अधिकाऱ्यालाही नाही, आणि देवस्थानांचा इतिहास लिहिणाऱ्यालाही नाही.

आणखी एक धागा आहे, तो माझ्या आवडीचा म्हणून थोडा थांबतो. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी शोधण्यावर दकार्गल नावाचा अध्याय लिहिला. त्यात म्हटले आहे, की जांभळीच्या पूर्वेला जवळच वारूळ असेल, तर तिच्या दक्षिणेला दोन पुरुष खोलीवर गोडे पाणी लागेल. हे खरे की खोटे? मला ठाऊक नाही आणि ठाऊक असल्याचा आवही आणत नाही. पण हे तपासता येते. जांभळी आमच्याकडे भरपूर, रोयणी भरपूर, विहिरीही भरपूर. फीत घेऊन मोजायला किती दिवस लागतील? संस्कृतवाला श्लोक लावून देईल, भूजलवाला विहिरीची पातळी घेईल. ते दोघे एकमेकांना ओळखत नाहीत, एवढीच अडचण.

इथे मला कानफटात मारणारी दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. प्रस्ताव परत आल्याची बातमी फिरली तसा तिला एका गृहस्थांचा फोन आला. व्याख्यानाला या, मानधन देऊ, फक्त एवढे म्हणा की आपल्या पूर्वजांना हे भौतिकशास्त्र आधीच ठाऊक होते, म्हणून त्यांनी रोयणीला देवी केले. तिने नाही म्हटले. पूर्वजांना काय ठाऊक होते ते आपल्याला अजून कळायचे आहे, मग सांगणार काय? आपण तिला एका दारातून बाहेर काढता तेव्हा ही मंडळी दुसऱ्या दारात हार घेऊन उभी असतात, हे लक्षात असू द्या.

तिसरे दार त्याहून वाईट. मध्यंतरी शेजारचा मुलगा एक जाडजूड अंक घेऊन आला, त्यात त्याचा लेख छापून आला होता. अनुक्रमणिका वाचून मला गरगरले. अर्धवाहक पदार्थ, मग शेळीपालन, मग एका संताची भक्तिसंकल्पना, मग वस्तू आणि सेवा कर, पुन्हा शेळीपालन. मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरांत 'बहुविद्याशाखीय'. पैसे भरल्यापासून नवव्या दिवशी छापून हातात. मी विचारले, लेख तपासला कोणी? तो म्हणाला, सर, पावती आली ना.

असल्या अंकांचे पीक कोणी वाढवले ते आपल्याला माझ्यापेक्षा चांगले माहीत. २०१० पासून प्राध्यापकांच्या बढतीसाठी गुण मोजायला लागले, गुणांसाठी लेख लागले, लेखांसाठी दुकाने निघाली. विद्यापीठ अनुदान आयोगाने मग मान्य नियतकालिकांची यादी केली, मे २०१८ मध्ये तिच्यातून एका फटक्यात ४,३०५ नावे काढली, २०१९ मध्ये केअर नावाची नवी यादी आणली आणि २०२५ मध्ये तीही बंद करून जबाबदारी संस्थांवर टाकली. एवढे होऊन शेळीपालन आणि अर्धवाहक अजून एकाच अंकात सुखाने नांदतात. बहुविद्याशाखीय या चांगल्या शब्दाचे वारूळ कोणीतरी कष्टाने बांधले आणि आत येऊन बसले हे. आयत्या बिळावर नागोबा!

माझे म्हणणे फक्त इथे अडते. त्या अंकात सतरा विषय आहेत आणि प्रश्न एकही नाही. तिच्या प्रस्तावात प्रश्न आहे आणि त्या प्रश्नाला तीन विषय लागतात. आपण दोन्ही गोष्टींना एकाच शिक्क्याने 'असंबद्ध' म्हणत असाल, तर शिक्का तपासायला हवा.

आपल्याच मातीतला माणूस आठवा. दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोवा. वडील धर्मानंद सांखवाळचे, बुद्धाचा धर्म समजून घ्यायला १८९९ मध्ये घर सोडून निघालेले. मुलगा गणिती झाला. या गणित्याने तराजू घेतला आणि प्राचीन आहत (ठसे उमटवलेली) नाणी एकेक करून तोलली. हातोहाती फिरताना नाणे झिजते, म्हणून जितके जुने तितके सरासरी वजन कमी आणि वजनांतला विखुरलेपणा जास्त. हा अंदाज त्यांनी आधी चालू काळातल्या नाण्यांवर ताडून पाहिला आणि मग तक्षशिलेच्या साठ्यातल्या नाण्यांचा कालक्रम लावला. संख्याशास्त्रातून इतिहास निघाला. १९४४ मध्ये त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधले अंतर काढण्याचे एक सूत्र दिले. ते आजही कोसंबी यांच्याच नावाने भाताचे जनुकीय नकाशे काढताना वापरतात. १९४८ मध्ये भर्तृहरीच्या सुभाषितांची चिकित्सक आवृत्ती. १९६२ च्या पुस्तकात गोव्याच्या गांवकारीवर, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थेवर, लेख आणि चव्हाट्यावरच्या मातृदेवतांवरही.

त्यांच्या नावाने आपण दरवर्षी विचारांचा महोत्सव भरवतो. भरवा. पण त्यांची एक चूकही सांगा, ती जास्त उपयोगाची आहे. १९५९ मध्ये कोसंबींनी गणितातल्या रीमान गृहीतकाची सिद्धता मिळाल्याचा दावा केला आणि तो छापला कुठे, तर कृषी संख्याशास्त्राच्या नियतकालिकात. संख्याशास्त्राची वाट त्यात होती, पण संख्यासिद्धांतातला जाणकार तिथे कोण बसणार? सिद्धता टिकली नाही, त्यांच्या प्रतिष्ठेला मोठा धक्का बसला. तेव्हा मी असे म्हणत नाही, की कुंपण ओलांडले म्हणजे माणूस आपोआप शहाणा. कुंपण ओलांडणाऱ्याला दोन्ही बाजूंचे परीक्षक लागतात, नेहमीपेक्षा कडक.

आणि ते परीक्षक गोव्याइतके जवळ दुसरीकडे कुठे आहेत? ३,७०२ चौरस किलोमीटरचे राज्य. दोनापावलला १९६६ साली स्थापन झालेली समुद्रविज्ञान संस्था, ताळगावच्या पठारावर १९८५ साली स्थापन झालेले विद्यापीठ, जुन्या गोव्यात एला येथे किनारी शेतीची संशोधन संस्था, फर्मागुडीला आयआयटी, पणजीत पुराभिलेखागार. मडगावची बस चुकली तरी एका दिवसात सगळीकडे जाऊन येता येते. मात्र खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेताच्या, बांधाला भगदाड पडले, की समुद्रवाला भरती बघतो, शेतीवाला खाऱ्या जमिनीतले कोरगुट भात बघतो, इतिहासवाला १५२६ चा गांवकारींचा फोराल, म्हणजे पोर्तुगीज सनद, उलगडतो, आणि मानशीचा (बांधातल्या पाणवाटेचा) दरवाजा कुजला आहे हे कोणीच बघत नाही. तो दरवाजा भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतो आणि ओहोटीला आपोआप उघडतो. त्याला तेल-पाणी करायला माणूस नेमणे ही गांवकारीची रीत होती. दाब, मीठ आणि रीत, तिन्ही एकाच बिजागरीवर. खाजनावर मी स्वतंत्र लिहीन, इथे पुरे.

प्रस्तावाबद्दलही निष्पक्ष राहतो. त्यात खोट होती. तीनच रोयणी, त्याही एकाच देवराईतल्या. उघड्या माळावरची एकही नाही, औषध पडलेल्या कुळागरातली नाही. तुलना करायची कशाशी? हे मी तिला सांगितले, तिने मान्य केले, दोन दिवस रुसली आणि नंतर नवा आराखडा केला. आपण हेच लिहिले असते, 'नमुने अपुरे, सुधारून पाठवा', तर मी हे पत्र लिहिलेच नसते. 'तुमचा प्रश्न कच्चा आहे' ऐकायची तयारी तिची आहे. 'तुमच्या प्रश्नाला आमच्याकडे खण नाही' हे उत्तर होत नाही.

म्हणून अर्जाच्या पहिल्या पानावर विद्याशाखेच्या आधी एक रिकामी जागा द्या, जिथे माणूस आपला प्रश्न साध्या मराठीत, कोकणीत किंवा इंग्रजीत चार ओळींत लिहील. ज्या प्रश्नाला दोन-तीन विषय लागतात तो एकेका तज्ज्ञाकडे टपालाने न पाठवता त्यांना एका खोलीत तासभर बसवा, चहा मी पाठवतो. आणि जिथे गावाची परवानगी घेऊन काम झाले आहे, तिथे त्या परवानगीला कागद मागू नका. पाकळीची पावती मिळत नाही.

तिने स्वतःच्या पगारातून आणखी पाच तापमापके आणली आहेत. दोन माळावरच्या रोयणीला लावली, एक एका कुळागरात, त्या मालकाने औषध मारायचे एक वर्ष थांबवले आहे, कुरकुरत का होईना. गणेशचवथीच्या आधी अळमीचा दुसरा बहर येतो, तेव्हा ती मोजणीला बसेल. आपल्यापैकी कोणाला रोयण कशी असते ते हात लावून पाहायचे असेल, तर वाळपईपर्यंत बस आहे, पुढे मी स्कूटर घेऊन येईन. संध्याकाळी या, तेव्हा कंगोरा गरम असतो. रात्री मुक्काम केलात तर पहाटेचाही पाहता येईल.

फक्त अमावस्या सोडून या.

आपला नम्र,
सत्तरीतला एक निवृत्त मास्तर